कौलं काढली, खिडक्या मिटल्या

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत पालिकेची माणसं शिड्या लावून मुंबईच्या चाळींवर चढू लागली. ज्या घरात रोगी सापडला त्याची कौलं उतरवायची, आतले फळ्यांचे आडोसे तोडायचे, आंधळ्या भिंतीला भोक पाडायचं, म्हणजे ऊन आणि वारा आत शिरेल, असा हुकूम होता. गटारांत खारं पाणी आणि कार्बोलिक ओतलं जाई, भिंतींना चुना फासला जाई. राहण्यास नालायक ठरलेल्या घरांच्या दारांवर इंग्रजी अक्षरं रंगवली जात.

त्या खोल्यांत राहणारा माणूस कोण होता? गिरणीत, गोदीत, हमालीत खपणारा हा माणूस बहुतेक रत्नागिरी, सातारा आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातला. महाडचा, पोलादपूरच्या खोऱ्यातला चाकरमानी दहा-बारा जणांच्या खोलीत पाळीपाळीने पथारी टाकायचा. डोक्यावरचं कौल गेल्यावर आणि पोलिसांच्या पहाऱ्यात इस्पितळात नेलं जाण्याची भीती पाठीशी लागल्यावर त्याने गावची वाट धरली. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली होती. घाटावरचे रेल्वेने गेले. खालच्या कोकणातले पडाव, गलबतं, आगबोटी मिळतील त्या धरून बाणकोटच्या खाडीत आणि तिथून सावित्रीच्या भरतीबरोबर दासगावच्या धक्क्याला. महाड तिथून चालत जाण्याच्या अंतरावर.

कौलं काढण्यामागे एक जुना आणि प्रामाणिक समज होता. कुजक्या, कोंडलेल्या हवेतून रोग उपजतो, हवा मोकळी केली की रोग हटतो. जंतूंचा शोध लागला होता, रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू १८८२ मध्येच दाखवला होता, प्लेगचा जंतूही १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. तरी जंतू एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा, हा प्रश्न उघडाच होता, आणि त्या मोकळ्या जागेत हवेचा समज ठाण मांडून बसला होता.

त्या समजातून मुंबईचा नकाशा बदलला. १८९८ मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते दाट वस्त्यांमधून काढले, पश्चिमेचा समुद्रवारा आतपर्यंत यावा म्हणून. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर हे हवा आणि उजेडासाठी झपाटलेले गृहस्थ. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम त्यांच्याच काळात रुजला. खिडकीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांत वर रेघ ओढली, तर समोरची इमारत त्या रेघेच्या आत घुसता कामा नये. सोप्या हिशेबात, समोरची इमारत जितकी उंच तिच्या निम्म्याने तरी मधे मोकळी जागा हवी. आज मुंबईत दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या बोळात उभं राहून वर पाहिलं की तो नियम किती शहाणा होता ते कळतं.

याच ट्रस्टने बीआयटी चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत १९१२ पासून १९३४ पर्यंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहिले, आणि १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी महाडला आले तेव्हा त्यांचं घर तेच होतं. त्या सत्याग्रहाला आधार होता सी. के. बोले यांच्या ४ ऑगस्ट १९२३ च्या ठरावाचा. मुंबई कायदेमंडळाने मंजूर केलेल्या त्या ठरावात पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या यांच्याबरोबर सरकारी दवाखानेही होते. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं करण्याचा ठराव केला. तळ्याची गोष्ट आपण शाळेत शिकतो. दवाखान्याचं नाव त्याच ठरावात होतं हे मात्र आपल्याला सहसा सांगितलं जात नाही. दवाखान्याचं दार सर्वांना उघडं असावं हे कागदावर तेव्हा ठरलं. आत बसलेल्या सर्वांनी एकच हवा हुंगायची असते, तिचं काय, हा प्रश्न पुढे कितीतरी वर्षं कोणाच्या अजेंड्यावर आला नाही. तो का आला नाही, याचं एक उत्तर परळमध्येच सापडतं.

परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, जिथे आज हाफकिन संस्था आहे, तिथे १९०५ पासून प्लेगवरचे प्रयोग सुरू झाले. ग्लेन लिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवारात लहान लहान खोल्या बांधून घेतल्या, आपल्याकडच्या घरांसारख्या. त्यांत गिनीपिग सोडले, काही प्लेग झालेले, काही धडधाकट. खोलीत पिसवा नसतील तर आजारी आणि निरोगी जनावरं एकत्र राहिली, एकमेकांच्या मलमूत्राने घाण झालेलं अन्न त्यांनी खाल्लं, एकच हवा घेतली, तरी रोग पसरला नाही. पिसवा सोडल्या की पसरला. मग त्यांनी पिंजरे टांगले. जमिनीवर फिरणारं जनावर मेलं. जमिनीपासून दोन इंचांवर ठेवलेलंही आजारी पडलं. दोन फुटांवर टांगलेलं वाचलं. हवा तर दोन फुटांवरही तीच होती, पण पिसूची उडी तिथवर पोचत नव्हती. पुढे हेच पिंजरे त्यांनी मुंबईतल्या प्लेगच्या खऱ्या घरांत नेले. जोडीतल्या एका पिंजऱ्याला बारीक जाळी किंवा भोवती चिकट कागद, दुसरा उघडा. संरक्षण असलेली जनावरं बचावली, उघडी गेली.

वैद्यकाच्या इतिहासात इतका स्वच्छ प्रयोग क्वचित सापडतो, आणि तो आपल्या मुंबईत, आपल्या चाळींतल्या खोल्यांत झाला याचा मला अभिमान वाटतो. नऊ वर्षांपूर्वी ज्या चाकरमान्यांची छपरं उतरवली, त्यांचा रोग छपरातून येतच नव्हता. तो उंदराच्या अंगावरून, जमिनीवरून येत होता. फुप्फुसाचा प्लेग हा अपवाद. तो श्वासावाटे जातो, आणि त्याची ओळखही मुंबईतच डॉ. चाइल्ड यांनी पटवली होती. पण मुंबईत मेलेल्यांपैकी बहुतेक गाठीच्या प्लेगने गेले.

या प्रयोगाने एक मोठं सत्य हाती दिलं आणि एक चुकीची सवयही लावली. हवेला दोष देणं मागासपणाचं ठरलं. अमेरिकेत चार्ल्स चॅपिन यांनी १९१० मध्ये लिहिलेल्या पुस्तकाने हवेतून होणाऱ्या संसर्गाचं महत्त्व जवळपास मोडीत काढलं. रोग स्पर्शाने आणि जवळून उडणाऱ्या थुंकीच्या थेंबांनी पसरतो, असं पुढच्या डॉक्टरांच्या पिढ्यांना शिकवलं गेलं. प्लेगबाबत जे खरं होतं ते क्षयालाही लावलं गेलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

क्षयाची गोष्ट पाहायला पोलादपूरहून घाट चढावा लागतो. आंबेनळी घाटाने महाबळेश्वर आणि पुढे पांचगणी. महाबळेश्वरात पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. पांचगणीत त्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून आजाऱ्यांसाठी पांचगणी. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी इथे डॉल्कीथला क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम काढलं. पुढे ते बेल-एअर म्हणून ओळखलं जाऊ लागलं आणि रेडक्रॉसकडे गेलं. युरोपात दाव्होसला जी पद्धत, तीच इथे: दिवसभर उघड्या व्हरांड्यात खाटेवर पडून राहायचं, दूध-अंडी, सकाळ-संध्याकाळ ताप टिपायचा, बोलायचंही बेतानं. डॉक्टरने हवापालट सांगितला की ज्यांच्या खिशात पैसे होते ते घाट चढत.

ज्यांच्याकडे नव्हते ते घाटाखाली राहत. गिरणीत खोकला लागलेला माणूस आधी शिवडीला जाई. मुंबई पालिकेचं शिवडीचं क्षयरोग रुग्णालय कोकणातल्या घराघरात ठाऊक होतं. 'शिवडीला ठेवलाय' एवढं हळू आवाजात म्हटलं की पुढचं विचारायचं नसे. तिथूनही सुटला की गावी, आपल्या घरात. आणि आमच्याकडच्या घराची ठेवण मोठी विचार करण्यासारखी. पडवी तिन्ही अंगांनी उघडी, ओटीवर वारा खेळता, पण माजघर अंधारं, तिथे एखादा झरोका आणि वर कौलांच्या सापटीतून येणारी उन्हाची तिरीप. आल्यागेल्याने ओटीवर बसायचं, आजाऱ्याने आत. बाळंतिणीला वारं लागू नये, तापकऱ्याला वारं लागू नये म्हणून फटींत चिंध्या कोंबायच्या आणि शेगडी पेटती ठेवायची. क्षयाच्या माणसाला तर दुहेरी कारणाने आत ठेवत: वारं नको आणि लोकांची नजर नको. त्याच खोलीत त्याची लेकरं निजत. ज्या माणसाला सगळ्यात जास्त उघड्यावर ठेवायला हवं होतं, त्याच्यासाठी घरातली सर्वांत कोंदट जागा राखून ठेवलेली होती. घरच्यांनी हे प्रेमाने केलं, आणि म्हणूनच ते आठवताना आतून तुटतं.

मग औषधं आली. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन, पाठोपाठ पास आणि आयसोनियाझिड. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झालं. वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतल्या रोग्यांचे दोन गट केले. एक सॅनिटोरियममध्ये, चांगलं अन्न आणि पूर्ण विश्रांती. दुसरा आपल्याच खोलीत, जे मिळेल ते खाऊन. औषधं दोघांना तीच. १९५९ मध्ये निष्कर्ष आला: बरे होण्यात म्हणण्यासारखा फरक नाही. औषध सुरू झालेल्या रोग्याला घरी ठेवल्याने घरच्यांना धोका वाढतो असंही दिसलं नाही. जगभरची सॅनिटोरियमं त्यानंतर ओस पडत गेली. पांचगणीच्या बेल-एअरनेही पुढे एचआयव्हीच्या रुग्णांसाठी काम सुरू केलं.

मद्रासच्या प्रयोगाने लाखो गरिबांना घर न सोडता बरं होण्याची वाट दिली, त्याचं मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण त्यातून दुसऱ्यांदा तोच धडा अर्धवट घेतला गेला. हवा हे औषध नाही, एवढं सिद्ध झालं होतं. हवा रोग वाहून नेत नाही, असं त्यात कुठेच नव्हतं. तरी व्हरांड्यांबरोबर हवेचा विचारही मागे पडला.

योगायोग असा की त्याच वर्षांत, १९५६ नंतर, अमेरिकेत बाल्टिमोरच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात रिचर्ड रायली पुन्हा गिनीपिग घेऊन बसले होते. त्यांचे गुरू विल्यम वेल्स यांनी १९३० च्या दशकातच मांडलं होतं की खोकल्यातला बारीक थेंब जमिनीवर पडण्याआधीच सुकतो आणि त्यातला जंतू धुळीच्या कणाहून हलका होऊन तासन् तास तरंगतो. रायलींनी सहा खाटांचा क्षयाचा कक्ष घेतला आणि त्यातली हवा नळाने वरच्या मजल्यावरच्या गिनीपिगांच्या खोलीत सोडली. रोगी खाली, जनावरं वर, मधे फक्त हवा. जनावरांना क्षय झाला. हवेवर अतिनील किरणं टाकली तेव्हा त्या खोलीतल्या एकाही जनावराला झाला नाही. परळला दोन फुटांवर टांगलेलं जनावर वाचलं होतं. इथे एक मजला वर ठेवलेलं वाचलं नाही. दोन्ही प्रयोग शेजारी ठेवून शिकवले गेले असते तर पुढची कितीतरी रुग्णालयं वेगळी बांधली गेली असती.

कशी बांधली गेली, ते सांगायला हवं. जुन्या वास्तू आठवा, पुण्याचं ससून घ्या. उंच छत, समोरासमोर दारं-खिडक्या, वर झडपा. १९ व्या शतकातल्या त्या चुकीच्या समजानेच ही बांधणी दिली. २००७ मध्ये रॉड एस्कोम्ब यांनी पेरूच्या लिमा शहरातल्या आठ रुग्णालयांतल्या खोल्या मोजल्या. खोलीत कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि तो किती वेगाने निघून जातो ते पाहायचं. खिडक्या-दारं उघडी ठेवल्यावर पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या खोल्यांत तासाला ४० वेळा हवा बदलत होती. नव्या, उघडता येणाऱ्या खिडक्यांच्या खोल्यांत १७ वेळा. यंत्राने हवा खेचणाऱ्या खास कक्षांसाठी जे मानक धरतात ते १२ वेळांचं. खिडक्या बंद केल्या की सगळं कोसळत होतं.

या आकड्यांचा अर्थ रोजच्या ओपीडीत असा. एखादा खोकणारा रोगी तपासून बाहेर गेला. तासाला १२ वेळा हवा बदलत असेल तर त्याने मागे ठेवलेले ९९ टक्के कण निघून जायला सुमारे २३ मिनिटं लागतात. ६ वेळा बदलत असेल तर ४६ मिनिटं. २ वेळाच, म्हणजे खिडकी लावून स्प्लिट एसी चालू असलेल्या खोलीत असते त्याच्या आसपास, तर १३८ मिनिटं, सव्वादोन तासांहून जास्त. तेवढ्यात त्या खुर्चीवर पंधरा-वीस माणसं बसून जातात. त्यात बाळाला डोस पाजायला आणलेली आई असते, मधुमेहाची म्हातारी असते. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत फेकतो, बाहेरची आणत नाही. गारवा म्हणजे शुद्ध हवा, हा आजचा समज कौलं काढणाऱ्यांच्या समजापेक्षा जास्त घातक आहे, कारण त्यांच्या समजाचा निदान क्षयाला तरी उपयोग झाला असता. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी कुठल्याच उपलब्ध औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण जगापुढे मांडले, तेव्हा औषधावर सगळी भिस्त ठेवण्याचा काळ संपत आल्याचं दिसलं होतं.

कोविडने हा जुना वाद पुन्हा चव्हाट्यावर आणला. २०२० च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटना ठामपणे सांगत होती की हा रोग हवेतून पसरत नाही. गावोगाव आपण दारांच्या कड्या पुसल्या, भाज्या धुतल्या, रस्त्यांवर सोडियम हायपोक्लोराइट फवारलं, अगदी १८९६ च्या कार्बोलिकसारखं. जुलैमध्ये लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांच्यासह २३९ शास्त्रज्ञांनी उघड पत्र लिहून हवेकडे लक्ष द्या म्हणून कळवलं. भारत सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने खिडक्या-दारं उघडी ठेवा, हवा खेळती ठेवा, असं साध्या भाषेतलं पत्रक काढलं ते २० मे २०२१ ला, दुसऱ्या लाटेचा कहर होऊन गेल्यावर. महाडकरांना त्या पत्रकावर विचार करायला दोन महिनेच मिळाले. २२ जुलैला सावित्रीचं पाणी शहरात शिरलं, त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळली, आणि पुढचे कितीतरी दिवस माणसं मिळेल त्या छपराखाली एकमेकांना खेटून राहिली.

इथला पाऊसच खरा अडथळा आहे, आणि तो मान्य करूनच बोलायला हवं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही आडवा मारणारा. महाडच्या किंवा पोलादपूरच्या दवाखान्यात जून ते सप्टेंबर खिडकी उघडी ठेवा म्हणणं सोपं, पण औषधांचे खोके आणि केसपेपर भिजले की परिचारिका ती लावणारच. तिचं चुकत नाही. चूक आधी झालेली असते, छज्जा एक फुटाचा ठेवून, खिडकीवरची झडप गाळून, मोकळ्या भिंतीत बाहेर हवा टाकणारा पंखा न बसवून. अडीच-तीन फुटांचा उतरता छज्जा, छताजवळ तिरप्या पट्ट्यांची झडप आणि दोन समोरासमोरच्या भिंतींत उघडी जागा एवढं असेल तर आषाढातही हवा वाहती राहते. आपल्या सुतार-गवंड्यांना यातलं काही नवं नाही. जुन्या घरांच्या पडव्या त्यांनीच बांधल्या आहेत.

केंद्रीय आरोग्य खात्याने २०१० मध्ये हवेतून होणाऱ्या संसर्गासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही थोरामोठ्या यंत्रांची मागणी नाही. खोकणाऱ्या रोग्याला रांगेत ताटकळत ठेवू नका, आधी बोलवा. बाकीच्यांना बाहेर, वर छप्पर आणि बाजूंनी उघड्या जागेत बसवा. म्हणजे पडवीतच. आणि तपासणीच्या खोलीत खुर्च्या अशा मांडा की खिडकीतून येणारा वारा डॉक्टरकडून रोग्याकडे जाईल, किंवा दोघांच्या मधून आडवा निघून जाईल. रोग्यावरून डॉक्टरकडे येता कामा नये. त्यासाठी टेबल फिरवावं लागतं, एवढंच, आणि ते फिरवताना वारा कुठून येतोय हे उदबत्ती पेटवून पाहता येतं. वर्षातून दोनदा पाहावं, कारण पावसाळ्यातला नैऋत्येचा वारा आणि थंडीतला घाटावरून उतरणारा वारा एकाच खिडकीतून आत येत नाहीत.